भाडं पाण्यात जात नाही

मुंबईत नोकरीला लागलेल्या मुलाबद्दल शिरूर-दौंडकडे हल्ली दोनच प्रश्न विचारले जातात. पगार किती, आणि घर स्वतःचं की भाड्याचं? दुसऱ्या प्रश्नाला ‘भाड्याचं’ असं उत्तर आलं की समोरच्याचा चेहरा उतरतो. सोयरिकीच्या बैठकीत तर पगाराची स्लिप मागे पडते आणि फ्लॅटची चर्चा पुढे येते. मग घरात हिशेब सुरू होतात. चासकमानच्या कालव्याखालचे दोन एकर काढायचे, नाहीतर दौंडकडचा नव्या मुठा कालव्यावरचा उसाचा तुकडा. बहिणींकडून हक्कसोड करून घ्यायची, आलेल्या पैशातून डाउन पेमेंट भरायचं, पुढचं बँक बघेल. या सगळ्या धावपळीमागे एकच वाक्य असतं : भाडं म्हणजे पाण्यात गेलेला पैसा.

हे वाक्य खोडून काढणं हा या लेखाचा हेतू आहे. स्वतःचं घर असू नये असं मला म्हणायचं नाही. पण समुद्रकाठच्या, उंच इमारतींच्या मुंबईला हे वाक्य ज्या ठामपणे लावलं जातं, त्या ठामपणाला हिशेबाचा आधार नाही, इतिहासाचा नाही आणि कायद्याचाही नाही.

खंडनाआधी पूर्वपक्ष नीट मांडायला हवा, नाहीतर ते गवताच्या बुजगावण्याशी भांडण होईल. घर घ्यावं असं म्हणणाऱ्यांचे मुद्दे असे. एक, भाडं मालकाच्या खिशात जातं, हप्ता मात्र आपल्याच घरात जिरतो. दोन, जमीन नव्यानं तयार होत नाही, त्यामुळे घराची किंमत वाढतच जाणार. तीन, आपले वाडवडील हेच सांगत आले. चार, भाडेकरूला स्थैर्य नाही. अकरा महिन्यांनी मालक बाहेर काढतो आणि मुलांच्या शाळेचे हाल होतात. पाच, कर्जावर आयकरात सूट मिळते. सहा, म्हातारपणी डोक्यावर छप्पर लागतं. सहाही मुद्दे ऐकायला दणकट आहेत. एकेक तपासू.

पहिला मुद्दा पैशाचा, म्हणून आधी आकडेच घेऊ. समजा, उपनगरात दोन बेडरूमचं एक घर दीड कोटीला मिळतं, आणि त्याच इमारतीतलं तसंच घर महिना चाळीस हजार भाड्यानं मिळतं. वर्षाचं भाडं झालं ४ लाख ८० हजार, म्हणजे किमतीच्या ३.२ टक्के. मुंबईत वर्षाचं भाडं घराच्या किमतीच्या साधारण दोन ते साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं, तेव्हा हे उदाहरण ओढूनताणून आणलेलं नाही. हिशेबासाठी किमतीच्या ऐंशी टक्के कर्ज धरू : १ कोटी २० लाख, साडेआठ टक्के व्याजानं, वीस वर्षांसाठी. हप्ता बसतो १,०४,१३९ रुपये.

कर्ज मंजूर झालं की बँक हप्त्यांचं वेळापत्रक देते. दोनशे चाळीस ओळींचा तो तक्ता बहुतेक जण न वाचताच फाइलला लावतात. त्याची पहिली ओळ वाचावी. हप्ता १,०४,१३९. त्यातलं व्याज ८५,०००. मुद्दल १९,१३९. म्हणजे लाखाच्या हप्त्यातले पंच्याऐंशी हजार घरात जिरले नाहीत, ते बँकेकडे गेले. पहिल्या वर्षभरात साडेबारा लाख भरले, त्यातले १० लाख ११ हजार नुसतं व्याज. भाडं हे दुसऱ्याच्या घराचं मोल असेल, तर व्याज हे दुसऱ्याच्या पैशाचं मोल आहे. एक ‘पाण्यात गेलं’ म्हणायचं आणि दुसऱ्याला ‘गुंतवणूक’ म्हणायचं, हा कुठला न्याय? तुलना भाड्याची हप्त्याशी करायचीच नाही. भाड्याची तुलना व्याजाशी करायची.

तीही अजून पुरी झाली नाही. पदरचे तीस लाख, सहा टक्क्यांनी मुद्रांक शुल्काचे नऊ लाख आणि नोंदणी फीचे तीस हजार असे ३९ लाख ३० हजार आधीच गेले. ते सात टक्क्यांनी साध्या मुदत ठेवीत असते तर वर्षाला पावणेतीन लाख देऊन गेले असते. सोसायटीचा मेंटेनन्स महिना सहा हजार धरला तर वर्षाचे ७२ हजार. व्याज, बुडालेलं ठेवीचं व्याज आणि मेंटेनन्स मिळून मालकाचा पहिल्या वर्षाचा खर्च होतो साधारण १३ लाख ५८ हजार. भाडेकरूचा ४ लाख ८० हजार. फरक पावणेनऊ लाखांचा. तो भरून निघायचा तर दीड कोटीच्या घराची किंमत एका वर्षात जवळपास सहा टक्क्यांनी वाढली पाहिजे. तेव्हा कुठे खरेदीदार आणि भाडेकरू बरोबरीत येतील. यात मुद्दलाचा एक रुपयाही मी खर्च म्हणून धरलेला नाही, आणि मुद्रांक शुल्क कायमचं गेलं हेही वेगळं मोजलेलं नाही.

आपल्याच शिरूर तालुक्यातला एक हिशेब याच्या शेजारी ठेवतो. नगर रस्त्यानं कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव असं जाताना कारखान्यांच्या मागे पत्र्याच्या खोल्यांच्या ओळी दिसतात. दहा बाय दहाची खोली, सामाईक नळ, प्रत्येक खोलीला वेगळा सबमीटर, दाराबाहेर दोरीवर वाळणारे कंपनीचे युनिफॉर्म. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारमधून आलेले कामगार तिथं राहतात आणि पगार झाला की शेतकरी-मालक भाडं गोळा करतो. समजा, एक खोली बांधायला अडीच लाख लागले आणि ती साडेतीन हजारांनी जाते. वर्षाचे ४२ हजार म्हणजे सहा वर्षांत खोली फिटली. खोलीमालकीच्या धंद्यात दम आहे तो असा. याच प्रमाणात दीड कोटीच्या घराला महिना २ लाख १० हजार भाडं मिळायला हवं. मिळतं चाळीस हजार. खोलीच्या खर्चात जागेची किंमत धरून हे प्रमाण अर्ध्यावर आणलं, तरी लाखाच्या वर भाडं हवं. म्हणजे सणसवाडीत भाडेकरू महाग राहतो आणि मालक कमावतो. मुंबईत उलट आहे : तिथं भाडेकरू स्वस्तात राहतो आणि त्याच्या राहण्याचा मोठा भार मालक उचलतो. इकडे खोल्यांचं भाडं मोजून घेणारा आमचा चतुर शेतकरी तिकडे मुलाला नेमकी तोट्याची बाजू घ्यायला सांगतो, याचं आश्चर्य वाटतं.

यावर लगेच उत्तर येतं : भाडं वाढत जातं, हप्ता स्थिर राहतो. हे खरं आहे आणि ते हिशेबात घ्यायलाच हवं. भाडं दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढलं असं धरू. दहाव्या वर्षी ते वर्षाला ७ लाख ४५ हजारांवर जातं. त्याच वर्षी आपल्या कर्जावरचं व्याज ७ लाख ३८ हजारांवर उतरलेलं असतं. म्हणजे या उदाहरणात व्याज आणि भाडं यांची गाठ दहाव्या वर्षी पडते, आणि तिथून पुढे मालकाचं पारडं जड होऊ लागतं. हा आकडा लक्षात ठेवा. निकाल त्याच्यावरच लागणार आहे.

दुसरा मुद्दा किंमत वाढण्याचा. तो आपल्याला पटतो, कारण आपण शेतकरी आहोत आणि डोळ्यांसमोर जमिनीचे भाव वाढलेले पाहिले आहेत. पण फ्लॅट म्हणजे जमीन नव्हे. अर्धा एकर जागा, तिच्यावर चाळीस मजले, मजल्याला चार घरं : एकूण १६० घरं. अर्धा एकर म्हणजे वीस गुंठे. एका घराच्या वाट्याला आला गुंठ्याचा आठवा हिस्सा, १३६ चौरस फूट, आणि तोही अविभक्त, ज्यावर कुंपण घालता येत नाही आणि ज्याचा स्वतंत्र उतारा निघत नाही. बांधावरच्या वितीसाठी तीन पिढ्या दावे लढवणाऱ्या माणसानं दोन एकर विकून गुंठ्याचा आठवा भाग घ्यावा, आणि त्याला ‘जमिनीत पैसा घातला’ म्हणावं? बाकी जे घेतलं ते सिमेंट, सळई, लिफ्ट आणि पंप. या वस्तू झिजतात. समुद्रकाठी जास्त झिजतात. खाऱ्या हवेतले क्षार काँक्रीटमधून सळईपर्यंत पोचतात, सळई गंजून फुगते आणि स्लॅबचे पोपडे सुटतात. तीस वर्षांवरच्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट मुंबईत कायद्यानं सक्तीचं आहे, ते उगीच नाही.

इथे कुणी रिडेव्हलपमेंटचा दाखला देईल. जुन्या तीन-चार मजली इमारती पाडून टॉवर झाले, सभासदांना फुकटात मोठी घरं मिळाली. मिळाली खरी, कारण त्या जागांवर न वापरलेला एफएसआय शिल्लक होता आणि तो विकून बिल्डरचं भागलं. चाळीस मजली टॉवरनं आपल्या वाट्याचं चटईक्षेत्र आधीच वापरलेलं असतं. पन्नास वर्षांनी तो पाडून कोण कुठला बिल्डर काय विकणार आहे? आज फ्लॅट घेणाऱ्यानं बापाच्या पिढीचं भाग्य आपल्यालाही लाभेल असं गृहीत धरू नये.

भाव सदैव चढतेच राहतात हाही गैरसमज आहे. १९९५च्या सुमारास मुंबईतले भाव इतके चढले होते की नरिमन पॉइंटची कचेऱ्यांची जागा जगातल्या सर्वांत महागड्या जागांत मोजली जाई. त्यानंतर बाजार कोसळला आणि पुढची सात-आठ वर्षं उठला नाही. २०१३-१४ नंतरही कोविडपर्यंत मुंबईतले भाव बराच काळ जागच्या जागी होते. महागाई वजा केली तर घटलेच. मधल्या काळातल्या मोठ्या तेजीला एक खास कारण होतं. १९९०च्या दशकात गृहकर्ज चौदा-पंधरा टक्क्यांच्या घरात होतं, ते २००४च्या सुमारास साडेसात-आठ टक्क्यांवर आलं. व्याज निम्मं झालं की त्याच हप्त्यात जास्त कर्ज मिळतं, आणि ते जास्तीचं कर्ज किमतीत जाऊन बसतं. व्याजदर असा एकदाच निम्मा होतो. तो दरवर्षी होत राहील या भरवशावर दोन एकर विकायचे नसतात.

आणि मालकी तरी किती पक्की? मुंबईत बहुतेकांच्या हाती असतं ते सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे व्हायची असते आणि ती बिल्डरनं करून द्यायची असते. बिल्डर ती वर्षानुवर्षं करून देत नाहीत, म्हणून २००८मध्ये फ्लॅटच्या मालकीविषयीच्या ‘मोफा’ कायद्यात दुरुस्ती करून मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे ‘डीम्ड कन्व्हेयन्स’ची, सोय करावी लागली. वरळीच्या कॅम्पा कोला आवारातल्या लोकांनी १९८०च्या दशकात रीतसर पैसे मोजून घरं घेतली होती. परवानगी मोजक्या मजल्यांची, बांधकाम त्याच्या कितीतरी वर. २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वरचे मजले नियमित करायला नकार दिला तेव्हा कळलं की पावती, ताबा आणि पंचवीस वर्षांचा संसार हे सगळं असूनही घर बेकायदा असू शकतं. भाडेकरू असता तर सामान उचलून शेजारच्या इमारतीत गेला असता. सातबारा बारकाईनं वाचणारा आमचा माणूस मुंबईत ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, आणि कन्व्हेयन्स मात्र विचारत नाही.

तिसरा मुद्दा वाडवडिलांचा. हा तर इतिहासाचा सरळ विपर्यास आहे. आपल्या घाटावरच्या वाडवडिलांनी मुंबईत घरं घेतली नाहीत. ते गिरणीत, गोदीत, बाजारात राबले आणि भाड्याच्या खोलीत राहिले. एका खोलीत गावचे दहा-वीस गडी, पाळीपाळीनं झोपणं, जेवण खानावळवाल्या बाईकडे. मनीऑर्डर मात्र गावी. त्या पैशातून इकडे विहिरी खणल्या गेल्या, बैल घेतले गेले, सावकाराकडची जमीन सुटली. मुंबईत भाडं आणि गावात मालकी, हे त्यांचं सूत्र होतं. आपण ते उलटं केलं : गावातली मालकी विकून मुंबईत हप्ता. याला हवं ते म्हणा, वाडवडिलांचा सल्ला म्हणू नका.

मग ‘घर स्वतःचंच हवं’ हा मंत्र आला कुठून? तो एका कायद्यातून आला. मुंबई तर भाडेकरूंचंच शहर होतं. १९२०च्या दशकात सरकारनं बांधलेल्या बीडीडी चाळींमधल्या १६० चौरस फुटांच्या खोल्या भाड्यानं देण्यासाठीच होत्या. गावदेवीला श्रीपाद सुबराव तलमकी यांच्या पुढाकारानं १९१५मध्ये उभी राहिलेली सारस्वत गृहनिर्माण संस्थासुद्धा ‘सहभाडेकरू’ तत्त्वावरची होती. सभासद एकत्रितपणे मालक आणि एकेकटे भाडेकरू. मग १९४७चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला आणि त्यानं भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवली. तात्पुरता उपाय म्हणून आलेला हा कायदा अर्धशतक टिकला. भाड्यातून छपराची कौलंसुद्धा बदलता येईनात, तेव्हा मालकांनी दुरुस्ती सोडली, भाड्यासाठी नवं बांधणं सोडलं आणि पागडी सुरू केली. १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही गोठवणूक आता समर्थनीय राहिली नाही असं सांगितलं, आणि १९९९च्या नव्या कायद्यानं वर्षाला चार टक्के वाढ दिली. तोवर व्हायचं ते झालं होतं. भाड्याचं घर मिळेनासं झालं म्हणून लोक विकत घेऊ लागले, आणि नाइलाजानं केलेल्या गोष्टीला पुढच्या पिढीनं संस्कार मानलं. देशभरच्या शहरांतही तेच घडलं. २०१७-१८च्या आर्थिक पाहणी अहवालानुसार १९६१मध्ये शहरांतली ५४ टक्के कुटुंबं भाड्यानं राहत होती. २०११मध्ये २८ टक्के. याच २०११च्या जनगणनेत शहरी भारतात एक कोटी दहा लाखांवर घरं रिकामी आढळली. मालकीचा हट्ट आणि कुलूपबंद घरं एकाच वेळी वाढली.

स्वतःचं घर हीच संपन्नतेची खूण असेल तर जगाचं चित्र उलटं दिसायला हवं होतं. स्वित्झर्लंडमध्ये निम्म्याहून जास्त लोक भाड्यानं राहतात, जर्मनीतही तसंच. रुमानियात नव्वद टक्क्यांवर लोक स्वतःच्या घरात आहेत. श्रीमंत कोण, हे सांगायला नको.

चौथा मुद्दा स्थैर्याचा, आणि पूर्वपक्षाचा हाच सर्वांत बळकट मुद्दा आहे. लहान मुलं असताना दर वर्ष-दोन वर्षांनी सामान बांधणं हा मनस्ताप आहे. पण त्याचं मूळ अकरा महिन्यांच्या सवयीत आहे, आणि ही सवय महाराष्ट्रात निरर्थक आहे. वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला १९०८च्या नोंदणी कायद्यानुसार नोंदणी लागत नाही, म्हणून देशभर अकरा महिन्यांची युक्ती निघाली. महाराष्ट्रात १९९९च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार कितीही मुदतीचा असो, लेखी आणि नोंदणीकृतच हवा. म्हणजे अकरा महिने करून काहीच वाचत नाही. साठ महिन्यांपर्यंतच्या करारावर मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का आहे, आणि नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते. मालकाला भीती वाटते ती भाडेकरू जागा बळकावेल याची. त्याच कायद्याचं कलम २४ सांगतं की मुदत संपल्यावर जागा सोडावीच लागते. न सोडल्यास सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि दुप्पट दरानं भरपाई मिळते. करार नोंदवला नाही तर मात्र अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. तेव्हा पाच वर्षांचा करार दोघांच्याही हिताचा आहे. वाढ किती, लॉक-इन किती, रंगरंगोटी कोणाकडे, हे त्यात आधीच लिहून घ्यावं. सहावीत आलेला मुलगा त्याच घरातून दहावीला बसू शकतो.

यातल्या एका गोष्टीला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. मुंबईत घर भाड्यानं देताना आडनाव विचारतात, धर्म विचारतात, मटण खाता का विचारतात, एकट्या बाईला तर नाना प्रश्न विचारतात. ज्या दलित किंवा मुसलमान कुटुंबाला दहा दारांवरून परत फिरावं लागतं, त्यानं तोटा सोसून स्वतःचं घर घेतलं तर त्याला व्याजाचा तक्ता दाखवायचा अधिकार मला नाही. त्याची खरेदी मानासाठी असते आणि ती योग्य आहे. पण ज्यांना हे प्रश्न कुणी विचारत नाही, त्यांनी त्या कुटुंबाची अडचण स्वतःच्या युक्तिवादासाठी उसनी घेऊ नये.

पाचवा मुद्दा करसवलतीचा. जुन्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते. आपल्या उदाहरणात पहिल्या वर्षाचं व्याज दहा लाख अकरा हजार आहे. उरलेल्या आठ लाखांवर काहीच मिळत नाही. जुन्या प्रणालीत भाडेकरूलाही घरभाडे भत्त्याची सूट आहेच. आणि आता आपोआप लागू होणाऱ्या नव्या प्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची ही वजावटच नाही. हा मुद्दा मेला आहे; एजंट तेवढा तो अजून जिवंत ठेवतात.

सहावा मुद्दा म्हातारपणाचा. त्याचं उत्तर दौंडमध्येच आहे. दौंड हे रेल्वेचं जंक्शन. इथले कितीतरी गार्ड, ड्रायव्हर, फिटर उभी नोकरी रेल्वे क्वार्टरमध्ये राहिले. बदली झाली की क्वार्टर बदललं. त्यांची मुलं तिथंच शिकली, लग्नं तिथूनच झाली. निवृत्तीच्या सुमारास फंड-ग्रॅच्युइटीच्या पैशातून त्यांनी दौंडला किंवा आपल्या गावी घर बांधलं, बहुतेकांनी कर्ज न काढता. घर हवं, पण ते नोकरीच्या पहिल्या वर्षीच हवं असं नाही, आणि नोकरीच्या शहरातच हवं असंही नाही. शिरूरचा माणूस साठीनंतर चाळिसाव्या मजल्यावर लिफ्टच्या भरवशावर राहणार आहे की गावी, घोडनदीला, अंगण असलेल्या घरात, हे आधी ठरवावं. ज्याची मुलं, डॉक्टर, मित्र सगळे मुंबईतच आहेत, त्याचं उत्तर वेगळं येईल. पण निर्णय त्यानं विचारपूर्वक घ्यावा, सव्विसाव्या वर्षी मामांच्या सांगण्यावरून घेऊ नये.

शिवाय मालकी माणसाला बांधून ठेवते. हप्ता परवडतो तिथं घर घ्यायचं म्हणून लोक बदलापूर-विरारला जातात आणि रोज येऊन-जाऊन तीन-चार तास लोकलमध्ये काढतात. नोकरी ऐरोलीहून अंधेरीला गेली किंवा बंगळूरला चांगली संधी आली, तरी घर सोडवत नाही. भाडेकरू महिन्याभराच्या नोटिशीवर कामाजवळ राहायला जातो. तरुणपणी वाचलेल्या या तासांची आणि संधींची किंमत कुठल्याच तक्त्यात येत नाही.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींना दोन शब्द. मोबाइलवर सल्ले देणारे काही जण सांगतात की घर कधीच घेऊ नका, उरलेले पैसे म्युच्युअल फंडात टाका आणि कोट्यधीश व्हा. हाही तितकाच एकांगी मंत्र आहे. भाड्याचा फायदा उरलेला पैसा खरोखर बाजूला पडला तरच होतो. हप्ता सक्तीनं कापला जातो. एसआयपी नवी गाडी घेताना आधी बंद होते. वर जो हिशेब मांडला त्यात मी शेअर बाजाराचा चमत्कार धरलेलाच नाही, साध्या मुदत ठेवीचे सात टक्के धरले आहेत. ज्याच्या हातात पैसा टिकत नाही त्यानं प्रामाणिकपणे हप्ता पत्करावा. त्याच्यासाठी तो शिस्तीचा खर्च आहे.

तेव्हा सिद्धान्त असा. मुंबईत घर घ्यावं त्यानं, ज्याला त्याच घरात, त्याच भागात दहा वर्षांहून अधिक राहायचं हे नक्की ठाऊक आहे. ज्याचा हप्ता पगारातून भागतो, बापाच्या जमिनीतून नाही. आणि ज्यानं ओसी, कन्व्हेयन्स आणि इमारतीचं वय तपासलं आहे. या तिन्ही अटी जिथं पुऱ्या होतात तिथं घर जरूर घ्या, माझा नमस्कार. एकही अट अडत असेल तर भाड्यानं राहणं हे कमीपणाचं नाही, हिशेबाचं आहे. मुलीकडच्यांनीही सोयरिकीत फ्लॅट विचारण्याऐवजी कर्ज किती, असं विचारावं. मुलगी नांदणार आहे ती त्या कर्जाबरोबर.

आणि शेतकरी बापांना एकच सांगणं. मुलाला मुंबईत पाच वर्षांचा नोंदणीकृत करार करून द्या, डिपॉझिटला हातभार लावा, वाटलं तर दोन-तीन वर्षांचं भाडंही भरा. कालव्याखालचे दोन एकर मात्र फ्लॅटसाठी विकू नका.